लिलावाची बोली आणि चुकाऱ्याची मुदत



जुन्या पेठांतील दुकानांतून "आज रोख, उद्यां उधार" अशी पाटी भिंतीवर लावलेली असे. गिऱ्हाईक समोर उभें असे, तें ती पाटी वाची, हंसे आणि कनवटीचे पैसे काढून देई. आतां मोबाईलवर किंवा संगणकावर जो लिलाव चालतो त्यांत समोरासमोर कोणीच नसतें. विकणारा बाळापुरांत, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ, आपल्या घरीं बसलेला असतो. घेणारा कोइमतूरला, सुरतेला किंवा कलकत्त्याला असतो. बोली चढत जाते, घड्याळाचा कांटा ठरल्या क्षणावर येतो, सर्वांत मोठ्या बोलीवर सौदा ठरतो आणि विकणाऱ्याच्या घरांत आनंद होतो. पैसे मात्र आलेले नसतात. ते त्या दिवशीं येत नाहींत, दुसऱ्या दिवशीं येत नाहींत. आठवडा लोटतो, विचारणा केली तर "उद्यां पाठवितों" एवढेंच उत्तर येतें. अशा उशिरानें पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाशीं कसें वागावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशीं स्पष्ट केली पाहिजे. उशिरानें येणारा पैसा म्हणजे आपण न ठरवितां आणि बिनव्याजी दिलेलें कर्ज होय. समजा, बाळापूरच्या एखाद्या कारागिरानें सतरंज्यांचा एक गठ्ठा लिलावांत ४०,००० रुपयांस विकला आणि घेणाऱ्यानें पैसे ३० दिवसांनीं दिले. व्याजाचा दर सालीना शेंकडा १२ धरला तर त्या महिन्याचें व्याज सुमारें ४०० रुपये होतें. हें फारसें वाटत नाहीं. पण सुताच्या खरेदीसाठीं त्याच कारागिराला सावकाराचें दार ठोठवावें लागलें आणि दर महिना शेंकडा ३ चा पडला, तर १,२०० रुपये गेले. शिवाय माल अडकून राहतो, दुसरें गिऱ्हाईक निघून जातें आणि नव्या मालासाठीं हातीं भांडवल उरत नाहीं. घेणाऱ्याच्या दृष्टीनें जें "थोडें मागेंपुढें" असतें, तें विकणाऱ्याच्या घरीं मुलाच्या शाळेच्या फीच्या आड येतें. "उधारीचें पोतें सव्वा हात रितें" ही म्हण ज्यानें केली त्याला हा हिशेब पक्का ठाऊक होता.

ही अडचण वऱ्हाडाला नवी नाहीं. मोबाईल आजचा, पण हर्रास, म्हणजे लिलाव, हा येथल्या कापूसवाल्यांच्या चार पिढ्यांच्या परिचयाचा आहे. आज वाशीम जिल्ह्यांत मोडणाऱ्या कारंजा येथें १८८६ सालीं नियमानें चालणारा कापसाचा बाजार स्थापन झाला. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. शेतमालाच्या बाजारासाठीं खास केलेला हा हिंदुस्थानांतील पहिला कायदा. त्याच्यामागें निव्वळ परोपकारबुद्धि होती असें नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावानें मिळावा हाही त्यांतील मोठा हेतु होता. तरी त्यानें बाजाराला आवार दिलें, देखरेखीसाठीं समिति दिली, आणि दलाल व मापारी यांना परवाना घेणें भाग पाडलें. १९२८ सालीं शेतकीविषयक रॉयल कमिशननें इतर प्रांतांतही असे नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली.

या बाजारांनीं वऱ्हाडी भाषेंत एक शब्द रूढ केला, तो म्हणजे "चुकारा". विकलेल्या मालाचे पैसे प्रत्यक्ष हातांत पडले म्हणजे चुकारा झाला. गाडी रिकामी करून घरीं आलेल्या शेतकऱ्याला शेजारी पहिला प्रश्न विचारतो, "काय भाव लागला?" आणि दुसरा विचारतो, "चुकारा झाला का?" भाव चढा लागूनही चुकारा लांबला तर त्या भावाचें कौतुक कोणी करीत नाहीं. १९७२ पासून महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी योजना कित्येक वर्षें चालली. त्या काळीं सरकारी यंत्रणाच गिऱ्हाईक होती, तेव्हां पैसे बुडण्याची भीति फारशी नव्हती. तरीही पैसे हप्त्याहप्त्यानें येत आणि शेतकऱ्याला वाट पाहावी लागे. यावरून एवढें दिसतें कीं, उशीर करणारा नेहमीं लबाडच असतो असें नाहीं. पण प्रामाणिक गिऱ्हाइकाचा उशीरही विकणाऱ्यास तितकाच महाग पडतो.

बाजाराच्या आवारानें विकणाऱ्याला तीन गोष्टी दिल्या होत्या. घेणारा कोण आहे हें ठाऊक होतें, कारण त्याचा परवाना समितीपाशीं होता. पैसे केव्हां द्यावयाचे यास नियम होता. आणि माल आवाराबाहेर कोणत्या वेळीं गेला हें पाहणारा माणूस दारावर होता. १४ एप्रिल २०१६ रोजीं केंद्र सरकारनें "ई-नाम" या नांवानें राष्ट्रीय कृषि बाजार सुरू केला. आरंभीं त्यांत २१ बाजार होते, आतां त्यांची संख्या एक हजारावर गेली आहे. तेथें मालाची नोंद दारावर होते, त्याचा कस पाहिला जातो, ढिगाला क्रमांक मिळतो, व्यापारी पडद्यावर बोली लावतात आणि चुकारा बँकेमार्फत शेतकऱ्याच्या खात्यांत जावा अशी योजना आहे. म्हणजे हर्रासीची रीत बदलली, पण आवार कायम राहिलें.

घरगुती वस्तूंच्या लिलावाची गोष्ट निराळी आहे. "बाझी" नांवाच्या मुंबईच्या कंपनीनें या शतकाच्या आरंभीं असे लिलाव संगणकावर चालविले. २००४ सालीं ती कंपनी अमेरिकेंतील ईबे कंपनीनें विकत घेतली. तेथें "पैसापे" नांवाची सोय होती. घेणाऱ्याचे पैसे आधीं कंपनीपाशीं जमा होत आणि मग विकणाऱ्याच्या हातीं येत. ईबेची ती हिंदुस्थानी पेढी ऑगस्ट २०१८ मध्यें बंद झाली. आज जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, दुर्मिळ पुस्तकें, पितळी भांडीं, पैठण्या अशा वस्तूंचे लिलाव पुष्कळदां व्हॉट्सॲप आणि फेसबुक यांवरील मंडळांतून चालतात. तेथें परवाना नाहीं, समिति नाहीं आणि दारावर रखवालदारही नाहीं. म्हणून माझें आजचें मुख्य सांगणें हें कीं, जेथें बाजाराला आवार नाहीं तेथें विकणाऱ्यानें आपलें आवार आपण आंखून घ्यावें. आणि तें बोली सुरू होण्यापूर्वीं आंखावें.

या कामीं कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो झोपलेल्याच्या बाजूचा नाहीं. मालाच्या विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणें हातोडा पडला, किंवा रूढीप्रमाणें लिलाव पुरा झाल्याचें जाहीर झालें, म्हणजे विक्री पुरी होते. तोंपर्यंत बोली मागें घेतां येते. आपल्या लिलावांत हातोड्याचें काम घड्याळ करतें. ३२ वें कलम सांगतें कीं, निराळें ठरलें नसेल तर माल देणें आणि पैसे देणें हीं बरोबरीनें व्हावयाचीं कामें आहेत. ४७ वें कलम सांगतें कीं, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला, उधारीचा करार नसेल तर, आपल्या ताब्यांतील माल अडवून ठेवण्याचा अधिकार आहे. मात्र माल टपालांत किंवा वाहतूकदाराच्या हवालीं करतांना आपला हक्क राखून ठेवला नाहीं, तर ४९ व्या कलमाप्रमाणें तो अधिकार जातो. इतकें सगळें विक्रेत्याच्या सोयीचें असूनही ११ व्या कलमापाशीं घोडें पेंड खातें. करारांतून तसा हेतु दिसत नसेल तर पैसे देण्याची वेळ ही कराराचा प्राण मानली जात नाहीं, असें तें कलम आहे. "लौकर पाठवा" म्हटल्यानें मुदत ठरत नाहीं. "लिलाव संपल्यापासून ४ दिवसांच्या आंत पैसे आले पाहिजेत, न आल्यास सौदा रद्द करून वस्तु पुन्हां विकण्याचा हक्क विक्रेत्यास राहील," असें आधींच लिहिलेलें असलें म्हणजे ती ठरते.

तेव्हां वस्तूच्या वर्णनाखालींच चार ओळी लिहाव्या. किती दिवसांत पैसे द्यावयाचे, कोणत्या मार्गानें द्यावयाचे, पाठवणीचा खर्च कोणाकडे, आणि मुदत चुकल्यास काय होईल. वस्तु मोठ्या किंमतीची असेल तर बोली लावणाऱ्याकडून आधीं थोडा इसारा घ्यावा. सरकारी लिलावांतही अनामत भरल्याशिवाय बोलीला उभें राहतां येत नाहीं. मग आपणच संकोच कां करावा? लिलाव संपला कीं त्याच दिवशीं हिशेब पाठवावा. त्यांत वस्तूचा क्रमांक, बोलीची रक्कम, पाठवणीचा खर्च, एकूण देणें आणि शेवटची तारीख, इतकें स्वच्छ लिहावें. पुष्कळ वेळां घेणारा उशीर करतो याचें कारण विकणाऱ्यानें किती पैसे व कोठें भरावयाचे हेंच दोन दिवस कळविलेलें नसतें.

एवढें करूनही मुदत टळली तर काय करावें? माझ्या मतें उशीर करणारे तीन प्रकारचे असतात, आणि तिघांना एकच औषध चालत नाहीं.

पहिला विसराळू. त्याला पैसे द्यावयाचे असतात, पण कामाच्या गर्दींत राहून जातें. त्याला मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीं एक साधें पत्र पुरतें. तें असें असावें: "आपण अमुक तारखेच्या लिलावांत अमुक क्रमांकाची वस्तु घेतली. किंमत भरण्याची मुदत काल संपली. रक्कम अद्याप जमा झालेली नाहीं. कांहीं अडचण असल्यास कळवावें. नसल्यास १५ तारखेच्या सायंकाळपर्यंत रक्कम भरावी. तोंपर्यंत वस्तु आपल्या नांवें राखून ठेवली आहे." या पत्रांत रागाचा एकही शब्द नाहीं, पण तारीख आहे. आमच्या कित्येक सुशिक्षित घरांतून पैसे मागणें हें कमीपणाचें वाटतें. "आपल्या सोयीनें पाठवा," असें आपण लिहितों आणि मग गिऱ्हाईक खरोखरच आपल्या सोयीनें पाठवितें! ताकाला जाऊन भांडें लपविण्यांत अर्थ नाहीं. भीड ही भिकेची बहीण आहे, असें आपल्या आजीबाई उगाच म्हणत नसत.

दुसरा अडचणींत सांपडलेला. पगार लांबला, घरांत आजारपण आलें, त्याचेंच येणें कोणी थकविलें. हा माणूस बहुधा उत्तर देतो, निदान खरें तें सांगतो. याला एकदां मुदत वाढवून द्यावी. पण ती लेखी द्यावी आणि नव्या तारखेसह द्यावी. जमल्यास कांहीं रक्कम त्याच वेळीं घ्यावी. वस्तु मात्र आपल्याच घरांत ठेवावी. दया दाखवावयाची तर ती वेळेच्या बाबतींत दाखवावी. माल सोडून दाखवूं नये. पूर्वीं पुण्यामुंबईचे पुस्तकविक्रेते वाचकांना व्ही. पी. नें पुस्तकें पाठवीत. पोस्टमन पुडकें घेऊन दाराशीं येई, आणि पैसे दिल्यावरच तें हातांत देई. त्या पद्धतींत वाचकाचा अपमान झाला असें कोणास वाटलें नाहीं.

तिसरा पस्तावलेला. लिलावाच्या भरांत त्यानें ऐपतीबाहेर किंवा इच्छेबाहेर बोली लावली. दुसऱ्या दिवशीं त्याला ती महाग वाटूं लागली. हा नाहीं म्हणत नाहीं आणि देतही नाहीं. उत्तर टाळणें हें त्याचें मुख्य लक्षण. याच्याशीं वादांत वेळ घालवूं नये. दुसरें पत्र नोटिशीच्या स्वरूपाचें पाठवावें कीं, अमुक तारखेपर्यंत रक्कम न आल्यास वस्तु पुन्हां विकण्यांत येईल आणि त्यांत तूट आल्यास ती आपल्याकडून मागितली जाईल. ही नोटीस केवळ धाक घालण्यासाठीं नाहीं. ५४ व्या कलमाप्रमाणें नाशवंत मालाची गोष्ट सोडली तर, नोटीस देऊन व वाजवी वेळ वाट पाहून पुन्हां विक्री केली तर तूट मागतां येते, आणि नफा झाला तर तो विक्रेत्याचा राहतो. नोटीस न देतां केली तर तूट मागतां येत नाहीं, उलट झालेला नफा पहिल्या गिऱ्हाइकाकडे जाऊं शकतो. दोन ओळींच्या पत्रावर इतकें अवलंबून आहे. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला त्याच्याच बोलीच्या भावानें विचारावें. त्यानें घेतलेंच पाहिजे असें नाहीं. लिलावाच्या वेळीं हरल्यावर त्यानें दुसरी वस्तु घेतलेली असूं शकते.

येथें घरच्या मंडळींसाठीं एक सावधगिरीची सूचना देतों. उशिरानें पैसे देणाऱ्याच्या वेषांत कधीं कधीं ठकही येतो. तो पैसे पाठविल्याचें चित्र पाठवितो आणि माल लगेच रवाना करा म्हणून घाई करतो. चित्र म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या खात्यांत रक्कम दिसली म्हणजेच ती आली. कोणी सांगतो कीं, पैसे मिळण्यासाठीं ही खूण टिपा आणि आपला पिन दाबा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. तो देण्यासाठीं लागतो. आणखी कोणी म्हणतो, चुकून जास्त रक्कम गेली, वरची परत करा. खातें स्वतः पाहिल्याशिवाय एक रुपयाही परत करूं नये. ज्याचा चुकारा व्हावयाचा त्याच्याच खिशांतून पैसे काढण्याची ही युक्ति आहे.

आतां माल आधींच देऊन बसलेल्यांविषयीं दोन शब्द. नेहमींचें गिऱ्हाईक म्हणून कित्येकांना तसें करावें लागतें. घेणाऱ्यानें धनादेश दिला आणि तो वटला नाहीं, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोंचल्यावर त्याला पैसे भरण्यास १५ दिवस मिळतात. त्यानंतर एका महिन्यांत फिर्याद करतां येते. या तारखा हुकल्या तर तो उपाय दुबळा होतो. स्वतः माल तयार करणारा लहान उद्योजक असेल तर त्यानें आपल्या उद्योगाची सरकारी नोंदणी आधींच करून ठेवावी. २००६ सालच्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणें अशा उद्योगाचे पैसे ठरल्या तारखेस, आणि कसेंही ठरलें तरी ४५ दिवसांच्या आंत, द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज लागतें. साध्या दिवाणी दाव्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची आहे. पण ४,००० रुपयांच्या भांड्यासाठीं कोर्टाची पायरी चढणें व्यवहाराचें ठरत नाहीं, हेंही तितकेंच खरें. म्हणूनच पैसे येण्यापूर्वीं माल हातचा सोडूं नये, यावर माझा इतका भर आहे.

कांहीं मंडळी रागाच्या भरांत थकबाकीदाराचें नांव, पत्ता आणि दूरध्वनीचा क्रमांक चव्हाट्यावर मांडतात, त्याला शिव्याशाप देतात, रात्रीअपरात्रीं फोन करतात. यानें पैसे क्वचितच येतात. उलट अब्रुनुकसानीचा दावा आपल्यावर येण्याची धास्ती राहते, आणि तो सारा तमाशा पाहणारें उद्यांचें भलें गिऱ्हाईक मुकाट्यानें दूर होतें. त्यापेक्षां लिलावाच्या चालकाला सर्व पत्रव्यवहार दाखवावा, त्या माणसाची बोली पुढें स्वीकारूं नये आणि विषय संपवावा. पत्रव्यवहार जपून ठेवण्याचा उपयोग येथें दिसतो. तोंडी दिलेली मुदत आठवत नाहीं. लिहिलेली तारीख पुसत नाहीं.

मराठींत "पत" हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. बाजारांत ती घेणाऱ्याची पाहिली जाते, कारण तो पैसे केव्हां देतो यावर ती ठरते. पण विकणाऱ्यालाही पत असते. वस्तूचें खरें वर्णन करणें, आपली मुदत सर्वांना सारखी लावणें, पैसे येतांच दुसऱ्या दिवशीं माल रवाना करणें, आणि सौदा मोडला तर इसाऱ्याचा हिशेब ठरल्याप्रमाणें चोख करणें, यांवर ती उभी राहते. ज्या विक्रेत्याचे नियम स्पष्ट आहेत त्याच्या लिलावांत विसराळू गिऱ्हाईकही सावध होतें आणि पस्तावणारें गिऱ्हाईक बोली लावण्यापूर्वींच दोनदां विचार करतें. कारंजाच्या आवाराला हें आवार निर्माण करण्यासाठीं कायदा आणि समिति लागली. बाळापुरांतल्या आपल्या घरीं बसून लिलाव करणाऱ्याला चार ओळींचे नियम, एक तारखेचें पत्र आणि पैसे येईपर्यंत बंद ठेवलेलें कपाट एवढें पुरेल. यंदा दिवाळीच्या आधीं माळ्यावरचीं जुनीं भांडीं किंवा नाणीं लिलावांत काढण्याचा आपला विचार असेल, तर भाव किती येईल याचा अंदाज बांधण्यापूर्वीं चुकाऱ्याची तारीख लिहून ठेवावी, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.